धोंड्याच्या दिवशी इंगळी

विंचवाविषयी जगाचा फार मोठा गैरसमज झालेला आहे आणि तो दूर करण्याची जबाबदारी नेमकी आपल्यावर येऊन पडली आहे, असे विश्वजीत अगदी मनापासून मानत असे. वेरूळजवळच्या शहरातल्या सातारा परिसरात, आपल्या छोट्या फ्लॅटमध्ये, बैठकीच्या खिडकीखाली, काचेच्या पेटीत त्याने चक्क एक काळीभोर इंगळी पाळली होती! शेजारच्या प्लॉटवर पाया खणताना ती दगडाखालून निघाली. मजुराने चप्पल उचलली, विश्वजीत मध्ये आडवा आला, आणि ते वळवळते प्रकरण तुपाच्या रिकाम्या बरणीत बसून दुसऱ्या मजल्यावर कायमचे राहायला आले. नाव ठेवले ठकूबाई.

"लाल विंचू निराळा," पाहुण्याच्या हातात चहा पडण्याआधीच विश्वजीत सुरू होई. "तो अंगाने लहान, पण जिवावर उठणारा. ही काळी. दिसायला राक्षसीण, स्वभावाने बालवाडीची बाई! चावलीच, तर मधमाशीइतकं दुखेल. आणि मला तर ती चावणारच नाही. ती ओळखते मला!"

"कशावरून?" त्याची बायको दीपमाला विचारी.

"मी जवळ गेलो की नांगी खाली करते."

"मी गेले तरी करते. झोपलेली असते ती."

दीपमाला कन्नड तालुक्यातल्या शेतकरी घरातली. चप्पल आधी झटकायची आणि मग पाय घालायचा, हे ती चालायला लागली तेव्हाच शिकली होती. जे जनावर माहेरी दिसताक्षणी चेचले जाई, ते सासरी खिडकीखाली झुरळे खात बसलेले पाहणे तिला सोपे नव्हते. तरी नवऱ्याच्या आनंदाकडे पाहून तिने एकच अट घातली होती. "ज्या दिवशी ही घरातल्या कुणालाही चावली, त्या दिवशी ती घराबाहेर. मग तोंड पाडून बसायचं नाही."

"मंजूर!" विश्वजीत छाती काढून म्हणाला होता. "प्रश्नच येत नाही!"

आणि मग अधिक महिना आला.

एरवी औषधांच्या कारखान्यात गोळ्यांवरचे डाग शोधत बसणारा विश्वजीत या महिन्यात, इतर सर्व जावयांप्रमाणे, साक्षात नारायण झाला. रीतीप्रमाणे त्याने सासुरवाडीला जाऊन धोंडे जेवायचे. परंतु नारायणाला रजा मिळेना! तेव्हा सासरे काकासाहेब आणि सासूबाई साळूबाई यांनीच रविवारी धोंडे, अनारसे, कपडे आणि सोन्याची अंगठी घेऊन जीपने शहरात यायचे ठरवले. इंगळीचा त्यांना पत्ता नव्हता.

"ती पेटी आतल्या खोलीत न्या," दीपमाला रविवारी सकाळी म्हणाली. "आईनं पाहिली तर तिला चक्कर तरी येईल, नाहीतर ती चप्पल तरी घेईल."

मातीने भरलेली पेटी जागची हलेना. आधी ठकूबाईला बरणीत काढणे भाग होते. विश्वजीत चिमटा शोधू लागला.

"कोणता चिमटा?" स्वयंपाकघरातून आवाज आला. "पापड भाजायचा? तो पेटीमागं सापडला मला. मी कुठं कुठं शोधला! घासून घेतलाय."

चिमट्याने आजवर काय काय उचलले होते, हे सांगण्याची ती वेळ नव्हती. विश्वजीतने हात धुतला, बाही वर केली आणि "ओळखते ती मला," असे पुटपुटत उजवा हात पेटीत घातला.

ठकूबाईने ओळखले नाही.

पहिल्या क्षणी आपल्याला नेमके काय झाले हेच त्याला समजेना. विजेचा धक्का बसला असे वाटून त्याने भिंतीवरचे बटण बंद केले! तोवर अनामिकेत कोणीतरी तापलेली दाभण घुसवली. दाभण म्हणावी, तर ती आत जाऊन थांबेना. कोपरापर्यंत मुंग्यांची वरात निघाली. बोट पेटले आहे असे वाटावे, तर स्पर्शाला ते थंड. हात बधिर झाला म्हणावा, तर दुखतो कोण? पुस्तकात 'वेदना सौम्य' असे लिहिले होते. लिहिणाऱ्याला स्वतः चावली होती का, हा प्रश्न विश्वजीतला प्रथमच पडला. एका हाताने कशीबशी त्याने पेटीवर जाड चादर टाकली, चादरीवर उशी ठेवली आणि तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

आता खरी पंचाईत झाली. सांगितले, तर ठकूबाई घराबाहेर. न सांगितले, तर ओरडायचीही सोय नाही. विश्वजीतने उजवा हात कुडत्याच्या खिशात कोंबला आणि दार उघडले.

"या मामा, या मामी!" तो म्हणाला आणि डाव्या हाताने दोघांच्या पाया पडला.

साळूबाई दोन पावले मागे सरल्या. "ह्ये काय वो जावईबापू? डाव्या हातानं?"

"उजवा... खिशात आहे," विश्वजीत म्हणाला. त्याच्यापुरते ते उत्तर संपूर्ण सत्य होते.

काकासाहेबांनी पत्नीकडे पाहिले, पत्नीने काकासाहेबांकडे. लेकीचे सुख जावयाच्या चेहऱ्यावरून वाचण्याची सवय असलेले ते दोघे, आणि आज चेहरा असा की नुकताच कोणी पेरू म्हणून निंबोळी खायला घातली असावी! कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले, नजर छताला. काकासाहेबांनी जीपच्या रस्त्याचे, वेरूळच्या गर्दीचे, उसाचे सगळे विषय काढून पाहिले. विश्वजीत प्रत्येकाला "हो, फार जळतंय," एवढेच म्हणे. वेदनेने कोणता प्रश्न कोठे संपतो, हेच त्याला उमगत नव्हते.

"ऊस जळतोय?" काकासाहेब चमकले.

"नाही, ऊन! ऊन फार आहे."

पाट मांडला. रांगोळी काढली. साळूबाईंनी त्याचे पाय धुतले, कुंकू लावले, ओवाळले. तबकात धोंडे होते, अनारसे होते, दिवा होता. आणि लाल मखमली डबीत अंगठी होती. साळूबाईंनी डबी उघडली.

"आणा हात."

विश्वजीतने डावा पुढे केला.

"डावा नाय वो. उजवा. मानाची अंगठी हाय."

खिशातल्या खिशात अनामिका आता भोपळी मिरचीएवढी झाली होती. तिच्यावरून अंगठी चढण्याची कल्पना येताच विश्वजीतच्या तोंडून निघून गेले, "नको! अंगठी नको!"

खेड्यातली सगळी लग्ने पाहिलेल्या माणसाला या नकाराचा अर्थ शिकवावा लागत नाही. जावई रुसला! पाटावर बसून, ऐन धोंड्याला, भरल्या तबकासमोर रुसला! काकासाहेबांनी टोपी सारखी केली आणि अत्यंत सावध आवाजात विचारले, "पातळ वाटली व्हय? वजनाला बरी हाय तशी."

"नाही मामा, तसं नाही..."

"साखळी करायची का मग? आपलं काय म्हणणं नाय. दसऱ्यापातुर करू."

"साखळी कशाला?" विश्वजीत गोंधळून गेला. आपण बोट लपवत आहोत आणि हे गळ्याकडे कसे वळले? इतक्यात खिशात बोटाने असा ठणका मारला की त्याच्या डोळ्यांतून टपकन पाणी आले.

"आगं बाई!" साळूबाईंनी पदर तोंडाला लावला. "आवं, जावई रडाया लागले! तुम्ही काहून वजन काढलं?"

"मी कुठं काढलं? मी तर वाढवून देतो म्हणलं!" काकासाहेब पाटाजवळ उकिडवे बसले. भांडणात मागे न हटणारा माणूस तो. पण लेकीच्या दारात त्याने आवाज पार खाली आणला होता. "जावईबापू, मोकळं बोला. मनात ठिवू नका. काय पायजे तुमाला?"

या क्षणी विश्वजीतला जगात एकच वस्तू हवी होती. डोळे मिटून, अंतःकरणापासून तो म्हणाला, "बर्फ."

सगळा उलगडा झाल्यासारखे काकासाहेब पत्नीकडे वळले आणि हळूच म्हणाले, "फ्रिज मागतेत."

"फ्रिज?"

"मोठ्या घरचे जावई असंच आडून मागतेत. बरं हाय. देऊ. दोन दारांचा का, जावईबापू?"

"बाबा!" स्वयंपाकघराच्या दारातून दीपमालाचा आवाज आला. तिच्या हातातले पापड तसेच राहिले. "आमच्याकडं फ्रिज आहे! अहो, जरा आत या."

आत जाताच तिने दार लोटले. ती रागावली असती, तर विश्वजीतला परवडले असते. पण ती रागावली नव्हती. तिचे डोळे भरून आले होते.

"लग्नात तुम्ही एक चमचाही घेतला नाही," ती म्हणाली. "मी गावभर सांगत फिरले, माझा नवरा तसा नाही. आणि आज माझ्या बापाला तुमच्या पाटापुढं उकिडवं बसवलंत? फ्रिजसाठी?"

बोटाची वेदना कोपरापर्यंत गेली होती. तिच्या बोलण्याची ही वेदना थेट आत गेली आणि हिच्याविषयी मात्र त्याच्या मनात काडीचाही गोंधळ नव्हता. ठकूबाई जाणार तर जावो! त्याने खिशातून हात बाहेर काढला.

"चावली," तो म्हणाला.

दीपमालाने हात पाहिला, तोंड पाहिले, पुन्हा हात पाहिला. "कधी?"

"चिमटा तू घासलास तेव्हा."

"म्हणजे तो चिमटा..." तिची नजर शेगडीवरच्या पापडाकडे गेली आणि काही काळ तेथेच थांबली. मग ती दार उघडून ओरडली, "बाबा! यांना विंचू चावलाय!"

आणि विलक्षण प्रकार असा, की काकासाहेबांचा चेहरा आनंदाने उजळून निघाला! "विंचू व्हय!" ते उठून उभेच राहिले. "आवं मग आधी सांगायचं नाय का? मला वाटलं, जावई रुसला! साळू, ऐकलं का, नुसता विंचू चावलाय!"

"देवच पावला गं बाई!" साळूबाईंनी हात जोडले. मग त्यांच्या लक्षात आले. "दुसऱ्या मजल्यावर इच्चू कुठून आला?"

विश्वजीतने खिडकीखालच्या उशीकडे बोट दाखवले. ते बोटच इतके बोलके होते की स्पष्टीकरण फारसे द्यावे लागले नाही. पाळली आहे, हे ऐकल्यावर मात्र साळूबाई पाटावर बसल्या. "पाळली? म्हंजी, मुद्दाम?" त्या पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. "दूध तरी देती का काय?"

जीपमध्ये घालून विश्वजीतला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी आधी विंचू लाल होता का काळा, हे विचारले, नाडी आणि रक्तदाब तपासला, बराच वेळ समोर बसवून ठेवला, इंजेक्शन दिले, बर्फही दिला.

"विंचू दिसला कुठे?" त्यांनी विचारले.

"घरातच असतो," विश्वजीत म्हणाला. डॉक्टरांनी आणखी थोडा वेळ बसायला सांगितले.

संध्याकाळी अंगठी डाव्या करंगळीत चढली, धोंडे पोटात गेले, आणि निरोप घेताना काकासाहेबांनी जीपमधून डोके बाहेर काढून एकदा खात्री करून घेतली, "मग फ्रिज नको ना, नक्की?"

जीप दिसेनाशी झाली. दीपमाला पेटीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अट आठवते ना?"

"आठवते."

"मग जा. तुमचं जनावर, तुम्हीच न्यायचं. डोंगराकडं सोडून या."

विश्वजीत पेटीपर्यंत गेला. चादर काढली. ठकूबाई कोपऱ्यात शांत बसली होती, नांगी खाली. त्याने हात पुढे केला. निदान करायचे ठरवले. परंतु हात काही पुढे गेला नाही. त्याने दुसऱ्या हाताला सांगून पाहिले. तोही ऐकेना.

"दीपा," तो गंभीरपणे म्हणाला, "पावसाळ्याच्या तोंडावर मुक्या जिवाला बेघर करणं माणुसकीला धरून होणार नाही."

दीपमालाने त्याच्याकडे नीट पाहिले आणि पेटीतली पाण्याची वाटी स्वतःच भरायला घेतली. घरात उपाशी जीव ठेवणे तिच्या माहेरच्या रीतीत बसत नव्हते. तेव्हापासून झुरळ टाकणे, पाणी बदलणे, माती शिंपडणे हे सगळे तीच करते, आणि पाहुण्यांना "काळी आहे, फार काही करत नाही" असेही तीच सांगते.

विश्वजीत त्या वेळी खुर्चीवर बसलेला असतो. मांडी घालून. दर मिनिटाला तो फक्त एवढेच विचारतो, "झाकण लावलंस ना गं?"