धंदा चालू राहिला

माणूस आज आहे, उद्या नाही; धंदा मात्र उद्याही असायला हवा. हे सत्य मला वाशिमला, आपत्तीत धंदा कसा टिकवावा या विषयावरच्या शिबिरात उमगले. (शिबिर वीज गेल्यामुळे अर्ध्यावर आटोपले.)

कारंजा लाडला माझे मंडप-बिछायत केंद्र आहे. मंडपवाल्याची आपत्ती म्हणजे वादळ. म्हणून घरी येताच मी योजना आखली. वादळात सर्वप्रथम काय वाचवावे? ज्याच्यावाचून धंदा चालणारच नाही, ते. सखोल विचारांती ते म्हणजे मी, असे निष्पन्न झाले. त्यानंतर खुर्च्या, मग कामगार. (बायकोने, सुचिताने, स्वतःचा क्रमांक विचारला. तो विषय विचाराधीन ठेवण्यात आला.)

वैशाखात धनजला भाऊसिंगच्या मुलीचे, निकिताचे, लग्न होते; मंडप आमचा. ऐन मंगलाष्टकांच्या तोंडावर वादळ सुटले. योजनेबरहुकूम मी टेम्पोत शिरलो आणि काचा वर केल्या. योजना शंभर टक्के यशस्वी झाली.

काचेतून दिसले, की मंडपाचे छत शेजारच्या वावरात निघाले आहे. निकिता मुंडावळ्या सावरत रडत होती. भाऊसिंगने कपाळावर हात मारला, "आता कसं करू बापा!"

सुचिताने पदर खोचला. आमच्या जुन्या कामगाराला ती ओरडली, "चंपत, खांब पडू दे, माणसं बाहेर काढ! भाऊसिंगभाऊ, रडता कायले? पोरीले घ्या अन् शाळेच्या वऱ्हांड्यात चाला!"

वऱ्हाड खुर्च्या डोक्यावर घेऊन पळाले. वऱ्हांड्यात लग्न लागले, पंगतही बसली. मी सूत्रे हाती घेण्यासाठी टेम्पोचे दार उघडले, तर समोर चंपत, हातात ताट.

"अनुपभाऊ, तुमी अठीच जेवा. तिकडं समदं बराबर चालून राह्यलं. मधात कायले येता?"

मालकावाचून धंदा चालला, म्हणजे शिबिरातल्या शिकवणीनुसार मला आनंद व्हायला हवा होता. पण मी काच पुन्हा वर केली आणि वरणभात कालवत बसलो.

तेव्हापासून केंद्राची कामे वाढली आहेत. लोक फोनवर विचारतात, "वहिनी येतीन ना? मंग पक्कं." काही जण भीत भीत विचारतात, "अन् भाऊ?" सुचिता त्यांना धीर देते, "ते नाई येत."

तुमचे तसे नाही. तुमच्यावाचून तुमच्या कचेरीत पान हलत नाही, हे मला ठाऊक आहे. महिनाभर रजा टाकून ते तपासायचा धीर तुम्हाला होत नाही, तो केवळ त्यामुळेच.