पाच अक्षरांचं कुलूप

"बाबा, स्मरणशक्ती शाबूत आहे म्हणता ना? मग या पेटीच्या कुलपाचा शब्द सांगा. सांगितलात तर इथेच राहा. नाही सांगितलात तर निमूटपणे आमच्याकडे चलायचं," लेकीने कमरेवर हात ठेवून जाहीर केलं.

"हात्तिच्या! एवढंच ना?" असं म्हणत कंपाउंडरसाहेब पेटीसमोर मांडी ठोकून बसले. बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की शब्द काही केल्या आठवत नाही.

तशी लेकीची काळजी खोटी नव्हती. मध्यंतरी साहेबांनी चष्मा फ्रीजमध्ये ठेवला होता आणि घरभर शोधला होता. किल्ली आत ठेवून दार ओढून घेण्याचा प्रकार तर इतक्या वेळा झाला होता, की खालच्या मजल्यावरचा सुतार त्यांना पाहिलं की आपणहून पटाशी घेऊन जिना चढायचा. हे सगळं लेकीच्या कानावर गेलं आणि ती नवऱ्याला घेऊन येऊन धडकली. निम्मं घर खोक्यांत भरूनही झालं. उरली होती ती ही पेटी.

साहेबांना मात्र घर सोडायचं नव्हतं. त्यांनी सारी हयात याच इमारतीत, खालच्या दवाखान्यात औषधं कालवण्यात घालवली होती. डॉक्टर गेले, दवाखान्याच्या जागी चपलांचं दुकान आलं, तरी जिन्यात अजून औषधाचा वास येतो असं ते छातीठोकपणे सांगत. तो वास त्यांच्याशिवाय कोणालाही येत नसे.

कुलूप होतं पितळी, बिनकिल्लीचं. पाच फिरत्या कड्या, प्रत्येक कडीवर इंग्रजी अक्षरं. कुलूप उघडं असताना आपल्या मनातला शब्द ठरवून ठेवायचा, मग तो जुळवल्याशिवाय ते हूं की चूं करत नाही.

"इंग्रजी शब्द आहे, पाच अक्षरी," साहेब डोळे मिटून म्हणाले. "त्यात यू आहे आणि आर आहे. एवढं पक्कं."

"मग काय, झालंच की!" जावई कॉम्प्युटरवाला. त्याने फोन काढला. "यू आणि आर असलेले पाच अक्षरी शब्द... बापरे, ढीगभर आहेत. घ्या, ट्रक."

ट्रक चालला नाही. फ्रूट चाललं नाही. ब्रश, ग्रुप, कोर्ट, एकेक शब्द कड्यांवर चढला आणि तोंड पाडून उतरला.

"नर्स," जावयाने पुढचा शब्द वाचला.

स्वयंपाकघरातली भांडी एकदम थांबली. साहेबांची बायको दारात येऊन उभी राहिली. "कोणती नर्स?"

"अगं, फोनमधली! स्पेलिंगमध्ये यू आणि आर आहे म्हणून."

"मला शिकवू नका. पाच अक्षरी म्हणता आणि नर्स? न आणि र्स, दोन अक्षरं होतात. बाकीची तीन कुठे लपवलीत?"

"इंग्रजीत पाच होतात हो आई," जावई म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा, जावईबापू. तेव्हा तुम्ही नव्हता. दवाखान्यात होती एक, उंच टाचांची." एवढं बोलून तिने बोटं मोजायला घेतली आणि एकदम तिचा चेहरा उजळला. "अहो, कंपाउंडर! कं, पा, उं, ड, र. पाच अक्षरं! त्यात उ पण आहे आणि र पण आहे. लावा!"

हा शब्द कड्यांवर कसा मावत नाही, हे तिला समजावण्यात चांगलाच वेळ गेला. तेवढ्यात जळका वास आला. गॅसवरचा चहा आटून पातेलं काळंठिक्कर पडलं होतं.

"बघितलंत? बाबांनी परत गॅस..." लेक कडाडली.

"चहा तू टाकलास," आई म्हणाली.

लेक मग जास्तच चिडली आणि तिने सुतारालाच हाक मारली. सुतार लोखंड कापायची करवत घेऊन हजर झाला. साहेबांनी पेटी आपल्याकडे ओढली. कुलूप कापलं की घरही गेलंच.

"थांबा, सिरप! सिरपच असणार," ते घाईने म्हणाले. आयुष्यभर सिरप ओतलेल्या माणसाचा तो शेवटचा हुकमी एक्का होता. कुलूप ढिम्म.

"शेवटचा शब्द बघा, शुगर," जावई वाचून बोलला. तोही फुकट गेला.

"पुरे आता. कापा," लेक म्हणाली.

साहेबांनी कुलूप हातात घेतलं. एवढी वर्षं साथ दिलेल्या वस्तूला निरोप देताना त्यांना वाईट वाटत होतं. कड्यांवरून अंगठा फिरत असताना त्यांना एक फ्रॉकवाली पोर आठवली, दवाखान्याच्या काउंटरवर बसून, जीभ बाहेर काढून या कड्या फिरवणारी. त्यांनी चौथी कडी ए वरून ई वर नेली. खट्!

"उघडलं!" सुतारच आधी ओरडला.

लेकीने वाकून पाहिलं. एस, यू, जी, ई, आर. "बाबा, पण हे स्पेलिंग चुकलंय."

"चुकलंयच. तूच लावलंस. कडू औषधात शुगर घाला म्हणून मागे लागायचीस, तेव्हा तुला तो एकच इंग्रजी शब्द यायचा. इतकी खूश झाली होतीस, की चूक दाखवायचा मला धीर झाला नाही."

"मग मोठी झाल्यावर तरी सांगायचं!"

"मोठी झालीस आणि तुझं सगळंच बरोबर यायला लागलं. म्हटलं, एक तरी चूक राहू दे घरात."

लेकीचे डोळे भरून आले. आई मात्र अजून नर्सवरच रागावलेली होती. "म्हणजे शब्द हिचा, आणि विसरली हीच! आता सांगा, कोणी कोणाला सांभाळायचं?"

लेक रडता रडता हसली. मग नाक पुसून नवऱ्याला म्हणाली, "यांची दोघांची तिकिटं रद्द करून टाक."

जावयाने तिकिटं रद्द केली. तो बिचारा सकाळपासून नुसताच शब्द वाचत होता. आपल्या हातून काहीतरी भलं व्हावं म्हणून तो कुलपाकडे सरकला. "उघडं आहे तोवर स्पेलिंग दुरुस्त करून घेऊ का?"

"खबरदार!" तिघंही एकदम ओरडली, आणि सुतारानेही करवत उगारली.