थेंब मोठा हाय

नामदेव इंगळे समोर आले की मी आधी त्यांच्या खिशाकडे बघायचो. खिशात काजळी धरलेली काचपट्टी असायची, आणि कुठे फवारा दिसला की ती बाहेर निघायची.

हिवतापवाले गल्लीत डीडीटी मारायला आले, तेव्हा इंगळेंनी पंपासमोर पट्टी धरली. एका लग्नात नवरीचे मामा गुलाबपाणी शिंपडत होते, त्यांच्याही पुढे धरली. काजळीत थेंब पडला की बारीक भोक उमटतं. त्यांनी भिंगातून ते पाहिलं आणि मामांना सांगितलं, "थेंब मोठा हाय." मामा पंगत उठेपर्यंत त्यांच्याशी बोलले नाहीत.

महाराष्ट्र तेव्हा नवा नवा झाला होता. चिखलीच्या हायस्कुलात मी कारकून आणि इंगळे प्रयोगशाळेतले शिपाई. घरंही भिंतीला भिंत लागून. माझ्या बायकोला, सिंधूला, दमा होता. कापसाच्या दिवसांत जिनिंगची धूळ उडायची आणि तिची छाती भरायची. डॉक्टरांनी काचेचा फवारा दिला होता. रबरी फुगा दाबायचा आणि औषधाचं धुकं तोंडाने आत ओढायचं. देताना ते सहज म्हणाले, "थेंब बारीक हवा. मोठा घशातच राहतो, छातीत उतरत नाही." इंगळे माझ्यासोबत होते. डॉक्टर ते बोलून विसरले, इंगळे विसरले नाहीत.

दर शनिवारी शाळा सुटली की ते आमच्या फवाऱ्याचा थेंब पट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासत. थेंबाशेजारी मापाला केस लागायचा. त्यांना टक्कल, म्हणून "एक केस द्या, भाऊ," असं म्हणून माझाच उपटत. थेंब केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा निघाला की "चालते" म्हणत.

एकदा त्या फवाऱ्याची चोच फुटली. मी खामगावहून नवा आणला. इंगळेंनी तो दोनदा तपासला.

"थेंब मोठा हाय, भाऊ. वयनीले देऊ नका."

"अहो, दुकानातून सीलबंद आणलाय."

"सील थेंबाले दिसते का?"

मी वैतागलो. फवारा तोच ठेवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी सिंधूला धाप लागली. मी फुगा दाबत राहिलो. औषध हनुवटीवरून ओघळत होतं आणि तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. ओठ निळे पडू लागले तसा मी डॉक्टरांना आणायला पळालो. त्यांनी इंजेक्शन दिलं. जाताना म्हणाले, "आजचं भागलं. पुढच्या वेळी मी गावात असेनच असं नाही."

इंगळे दारात उभे होते. त्यांनी तो फवारा उचलला आणि ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी शाळेत इंगळेही नव्हते आणि सूक्ष्मदर्शकही नव्हता. मुख्याध्यापक तापले. माझा जीव घरी अडकला होता.

संध्याकाळी इंगळे एसटीतून उतरले ते सूक्ष्मदर्शकाची पेटी छातीशी धरून. खामगावच्या दुकानात त्यांनी होते नव्हते तेवढे फवारे काढायला लावले होते आणि पायरीवर उन्हात बसून एकेक तपासला होता. दुकानदार आधी चिडला, मग स्वतःच भिंगात डोकावू लागला.

"नऊमधून एकच बरा निंघाला," इंगळे म्हणाले.

मी फुगा दाबला. धुकं इतकं बारीक, की दिसेपर्यंत विरलं. थोड्या वेळाने सिंधूचे वर चढलेले खांदे खाली आले.

मुख्याध्यापकांनी इंगळेंकडून लेखी खुलासा मागितला. फाइलला लावायला तो माझ्याकडे आला.

"यंत्र परवानगीशिवाय नेले हे खरे आहे. यंत्र सुखरूप आहे. मी एकटा राहतो. शेजारच्या वहिनी रोज भिंतीपलीकडून विचारतात, भाऊ, जेवले का. परवा त्यांचा आवाज आला नाही."

खाली शेऱ्याची जागा मुख्याध्यापकांनी कोरी ठेवली होती.