खुशालरावांची एकोणीस मिनिटं

खुशालरावांच्या शोकसभेतलं दोन मिनिटांचं मौन संपता संपता भिंतीवर 'टिक' असा आवाज झाला, आणि ग्रंथपाल किशोरने मान न हलवता फक्त डोळे तिकडे वळवले. यंत्राचा लाल दिवा लागला होता.

आग आणि चोर या दोघांवर नजर ठेवणारं हे बिनतारी यंत्र त्याच्याच आग्रहावरून लोकहित वाचनालयात बसलं होतं. सभागृहात दोन मिनिटं काहीच हललं नाही, की सगळे घरी गेले असं समजून ते आपलं आपण पहाऱ्यावर उभं राहायचं. त्यानंतर आत कोणी हललं की भोंगा वाजायचा आणि फोन थेट फायर ब्रिगेडला जायचा. अकोल्याच्या उन्हाळ्यात पेपर वाचायला आलेले पेन्शनर दोन मिनिटांत गाढ झोपतात, हे कंपनीला कोणी कळवलं नव्हतं. महिन्याभरात गाडी दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा बोलावलं तर सभागृहाला कुलूप, असं ब्रिगेडच्या नागसेनसाहेबांनी बजावलं; आणि तिसऱ्यांदा आली तर दुसरी नोकरी पाहा, असं अध्यक्ष गोपाळकृष्ण वकिलांनी. यंत्र दुरुस्त करायला अमरावतीहून माणूस येणार होता सोमवारी. आज शनिवार होता.

साठ माणसं दोन मिनिटं अजिबात हलणार नाहीत, हे किशोरच्या डोक्यातच आलं नव्हतं. एरवी असली दोन मिनिटं चाळीस सेकंदांत आटपतात, त्यातही निम्मे लोक चपला शोधत असतात. पण खुशालराव बावीस वर्षं वाचनालयाचे सचिव होते आणि खुर्ची सरकवल्याचा आवाज झाला तरी वाचकाचं कार्ड जप्त करत. हार घातलेल्या फोटोतूनही ते तसेच पाहत होते. कोणाची हलायची छाती झाली नाही.

"साहेब, हलू नका," किशोर ओठ न हलवता म्हणाला.

मनगटावरच्या घड्याळात पाहत उभे असलेले वकीलसाहेब तसेच थिजले. "काहून?"

"मशीन चालू झालं. हललो की भोंगा."

"बंद कर मग."

"बटनं दरवाज्यापाशी आहेत, साहेब. तिथवर जायाले हलाच लागते."

वकीलसाहेबांनी यावर कायद्याच्या अंगाने विचार केला. "मग?"

"बाहेरून दरवाज्यातून कोनी आलं तर मशीन त्याले तीस सेकंद देते. त्यात नंबर दाबला का सुटलो."

निरोप ओठांओठांनी मागे गेला. मागच्या रांगेतून शिपाई बंडूचा आवाज आला, "किशोरभाऊ, माह्या पायात गोळा आला ना!"

"तो आपल्या जागी राहू दे," वकीलसाहेब म्हणाले.

पहिल्या रांगेत खुशालरावांच्या पत्नी सुभद्राबाई खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांना कमी ऐकू यायचं; मागची कुजबुज मंत्रासारखी वाटत असावी. त्यांनी डोळे मिटले होते.

आठव्या मिनिटाला चहाची किटली घेऊन मैनाबाई दारात आल्या. किशोरला देव भेटल्यासारखं झालं.

"मैनाबाई, आत या! डाव्या हाताले बटनं हायेत, चार-सात-एक-एक दाबा!"

मैनाबाईंनी आतलं दृश्य पाहिलं, किटली खाली ठेवली, डोक्यावर पदर घेतला आणि उंबऱ्याबाहेरच हात जोडले. "चूप राहा ना, भाऊ. मेलेल्या मानसाचं मौन चालू हाये अन् तुमी बटनं सांगून राहिले! मी इथूनच नमस्कार करतो."

त्यांच्यामागे झेरॉक्सवाला येऊन उभा राहिला. मग दोन ऑटोवाले आले. मग बँकेतून सुटलेले कारकून आले. जो आला तो आतली शांतता पाहून चपला काढून उंबऱ्याबाहेर उभा राहिला. किशोरने हाक मारली, की मैनाबाई ओठांवर बोट ठेवत. आत पाऊल टाकण्याइतका असंस्कृत माणूस त्या दिवशी अकोल्यात निघाला नाही.

एकोणिसाव्या मिनिटाला सुभद्राबाईंनी डोळे उघडले, गुडघ्यावर हात टेकला आणि त्या उठून उभ्या राहिल्या.

भोंगा असा वाजला, की समोरच्या पिंपळावरचे सगळे कावळे उडाले. किशोरने धावत जाऊन तो बंद केला, पण फोन जायचा तो गेला होता.

सुभद्राबाई मागे वळल्या. त्यांना आत साठ माणसं दिसली, दाराबाहेर आणखी चाळीस. "हुतात्म्यायसाठी वाजवतेत तसा भोंगाबी वाजवला तुमी," त्या म्हणाल्या. "घरात यांच्यापाशी कोनी दोन मिनिटं बसत नोतं. पोरगंसुद्धा. अन् तुमी इतके येळ उभे राह्यले."

किशोरने खरं सांगायला तोंड उघडलं. वकीलसाहेबांनी त्याच्या पायावर पाय दिला.

तेवढ्यात लाल गाडी घंटा वाजवत आली. नागसेनसाहेब सभागृह बंद करण्याचा कागद हातात घेऊनच आत शिरले, मागे गणवेशातले सहा जवान. समोर हार घातलेला फोटो आणि त्यापुढे एक म्हातारी. त्यांचा हात आपोआप हेल्मेटकडे गेला. सहाही जणांनी हेल्मेटं काढली.

"कार्पोरेशननं गाडीबी पाठवली?" सुभद्राबाईंनी विचारलं.

नागसेनसाहेबांनी किशोरकडे पाहिलं. ते पाहणं किशोरने पुढे बरेच दिवस विसरायचा प्रयत्न केला. मग त्यांनी हातातल्या कागदाची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि खिशात ठेवली. "हो, माय," ते म्हणाले. त्यांनी सलाम ठोकला.

सोमवारी सकाळी वकीलसाहेबांनी किशोरला खोलीत बोलावलं. तो राजीनामा लिहूनच घेऊन गेला होता. साहेबांनी तो चष्मा लावून वाचला आणि टोपलीत टाकला.

"तुले काढता येत नाही," ते म्हणाले. "गाडी सलामीले आली होती, असं सारं गाव म्हणते. अमरावतीचा तो पोरगा आला काय?"

"आला, साहेब. खाली बसला आहे. दोन मिनिटांचं सेटिंग काढून टाकतो म्हणते."

"त्याले म्हण, हात लावू नको." वकीलसाहेबांना मार्चमध्ये एक्क्याऐंशी पूर्ण झाली होती. त्यांनी चष्मा पुसला आणि आवाज खाली आणला.

"किशोर, खुशालराव सचिव होता, त्याले एकोणीस मिनिटं झाली. मी अध्यक्ष आहो."