जखमी व्हायची पाळी कुणाची?

"ह्यांना कशाची तालीम देऊ नको गं बाई," मैनाबाईंनी परभणीहून सुनेला फोनवर बजावलं होतं. "एकदा शिकले की करून बघितल्याशिवाय ह्यांच्या घशाखाली घास उतरत नाही!"

रुपालीने हे हसण्यावारी नेलं. सासूबाईंना मामांचं, म्हणजे स्वतःच्या नवऱ्याचं, कौतुकच नाही, असं तिचं ठाम मत. आणि तालीम न देताच सासऱ्यांना खाडीत पाठवायचं? बी.एस्सी. झालेल्या बाईने? शक्यच नव्हतं!

रुपाली म्हणजे काळजीचं गोदाम. दारात चप्पल उलटी दिसली तरी तिला भूकंपाची शंका यायची. छोट्या स्वराला घसरगुंडीवर पाठवण्याआधी ती स्वतः घसरून बघायची आणि मग कंबर शेकत बसायची. त्यात नवराही असा की विचारू नका! भाग्येश बोईसरच्या एका केमिकल कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. भोंगा वाजवायचा, सगळ्यांना मैदानात गोळा करायचं आणि एखाद्या धडधाकट कामगाराला जखमी म्हणून स्ट्रेचरवर घालायचं, हे त्याचं आवडतं काम. मॉक ड्रिलची इकडच्या माणसांना इतकी सवय, की भोंगा झाला तरी आधी हातातला चहा संपतो, मग पाय हलतात.

कारखान्यातला त्याचा दोस्त दर्पण जवळच्याच दांडी गावचा. तो एक दिवस म्हणाला, "भाऊ, बाबा आलेत ना गावाकडनं? रविवारी घेऊन या. ओहोटीला खाडीत चिंबोऱ्यांची शिकार करू!"

शिकार! हा शब्द ऐकताच पुंजाराम, म्हणजे रुपालीचे मामा, मिशीला पीळ देऊन बसले. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला माणूस. समुद्र आयुष्यात पहिल्यांदाच बघत होता, पण खेकड्यांना धडा शिकवायला आतुर!

"सामान बिघडलं तर?" रुपालीने विचारलं.

"कसलं सामान, वहिनी?" दर्पण हसला. "बिळात घालायला एक आकडी, चिंबोऱ्या ठेवायला एक बादली!"

"आकडी तुटली तर? फोन बुडाला तर? रेंज गेली तर?"

दर्पणने भाग्येशकडे बघितलं. भाग्येशने छताकडे.

मग रुपालीने योजना आखली. फोन बंद पडला तर शिट्टी. शिट्टीत चिखल गेला तर स्टीलची थाळी आणि पळी. थाळी बुडाली तर काठीला बांधलेला स्वराचा पिवळा रेनकोट! आणि ह्या सगळ्याची गच्चीवर रीतसर तालीम. जखमी झाले पुंजाराम. ते इतके झकास जखमी झाले की वाळवण बघायला आलेल्या शेजारच्या नवसीबाईंनी त्यांच्या तोंडावर तांब्याभर पाणी ओतलं आणि गळा काढला!

"मामा, एक नंबर!" रुपाली खूश झाली. "आता फक्त ओरडायचं, 'हे ड्रिल नाही! खरंच वाचवा!' भाग्येश त्यांच्या जखमींना असंच ओरडायला लावतात. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो."

"आन् बाकीच्यानी?"

"बाकीच्यांनी मुळीच घाबरायचं नाही. आणि जखमी आळीपाळीने व्हायचं."

मामांनी मान डोलावली. सगळं डोक्यात पक्कं बसलं. फारच पक्कं बसलं!

रविवारी सकाळी मंडळी खाडीवर पोहोचली. दर्पणची आई, जमनाकाकू, काठावर बोंबील वाळत घालत होत्या. रुपाली स्वराला घेऊन त्यांच्याशेजारी बसली. तिघे पुरुष चिखलात उतरले आणि दहा पावलांतच मामा धाडकन आडवे झाले!

"हे ड्रिल नाही! खरंच वाचवा!"

"आगो बाय! म्हातारा गेला!" जमनाकाकूंनी हातातली पाटी फेकली आणि दोर घेऊन गुडघाभर चिखलात धावत सुटल्या.

"काकू, थांबा! खोटं आहे ते! तालीम आहे!"

जमनाकाकू चिखलातच गर्रकन वळल्या. "खोटं? मंग माजे बोंबील कावले नेतान ते पन खोटं काय?"

रुपालीने माफी मागितली. कावळे हाकलले. पण मनातून ती हरखली होती. काय काम केलं मामांनी!

दर्पण तिवरांच्या झुडपांत शिरला आणि एका बिळात खांद्यापर्यंत हात घालून दिसेनासा झाला. भाग्येश मात्र वडिलांचा फोटो काढायला चार पावलं मागे सरकला. पाचवं पाऊल ठेवलं ते मऊ गाळात! दुसरा पाय सोडवायला टेकवला, तोही गेला. हातातला फोन सुळकन निसटून डबक्यात पडला.

"अण्णा! मी अडकलो!" तो वडिलांकडे बघून ओरडला.

मामांचा चेहरा उजळला. "आता तुझी पाळी होय?"

"अण्णा, खरंच अडकलो! हे ड्रिल नाही!"

"वा रे पठ्ठ्या! लय भारी बुडायलास!" मामांनी खिशातली शिट्टी काढून जोरात फुंकली, मग थाळी बडवली, मग रेनकोट फडकवला. सगळं क्रमाने!

काठावर रुपाली मोबाइलवर व्हिडिओ काढत होती. "भाग्येश, हात वर करा! चेहरा जरा अजून घाबरलेला!"

भाग्येशचा चेहरा लगेच घाबरला. तिला वाटलं, किती ऐकतात हे माझं!

"तुजा नवरा बरा नाटकी हाय," जमनाकाकू मान वर न करता म्हणाल्या.

तेवढ्यात स्वराने तिच्या ओढणीचा पदर ओढला. "आई, बाबा बुटके झाले."

"लांब आहेत ना बाळा, म्हणून लहान दिसतात."

"नाही. आजोबा तेवढेच आहेत."

रुपालीने बघितलं. मामा तेवढेच होते. भाग्येश मांड्यांपर्यंत संपला होता! आणि मघाशी त्यांच्या मागे करंगळीएवढा दिसणारा ओहोळ आता चांगला रुंद होऊन त्यांच्याकडे सरकत होता. भरती!

तिने दर्पणला फोन लावला. रिंग तिच्याच कमरेशी वाजली! जादाचा असावा म्हणून तिनेच त्याचा फोन पिशवीत ठेवून घेतला होता. तिने स्वराच्या पुढ्यातली थाळी उचलली, पोहे वाळूत सांडले आणि चमच्याने बडवायला लागली. पलीकडून मामांनी दुप्पट जोराने थाळी बडवून उत्तर दिलं!

"मामा, खरं आहे हो! खरंच बुडतायत ते!"

"व्हय व्हय! असंच म्हणायचं!"

जमनाकाकू तर ह्या वेळी बोंबील सोडायलाच तयार नव्हत्या. आता काय ओरडायचं? खऱ्या संकटात माणूस जे जे ओरडतो, ते सगळं तिने आधीच तालमीत खर्चून टाकलं होतं! पाणी भाग्येशच्या मांड्यांना लागलं. तो आता नुसता तिच्याकडे बघत होता. ते बघणं तिला सोसेना.

आणि तिच्या तोंडून एकदम निघालं, "मामा! आता तुमची पाळी! जखमी व्हा!"

"आत्ता?"

"आत्ता! ह्यांच्या पुढ्यात! पालथे!"

मामा क्षणाचाही विचार न करता चिखलात पालथे पडले. भाग्येशने दोन्ही कोपरं वडिलांच्या पाठीवर टेकवली आणि अंग पुढे ओढलं. मडक्यातल्या घट्ट दह्यातून पळी निघावी तसा 'पचाक' आवाज झाला आणि एक पाय मोकळा झाला!

"अण्णा, हलू नका!"

"जखमी हलतो होय रे, येड्या?"

आता जमनाकाकूंनाही काहीतरी वेगळं वाटलं. त्यांनी दोर भिरकावला आणि दर्पणच्या नावाने असा टाहो फोडला की तो तिवरांतून बाहेर आला, बाहीला चिंबोरी लटकलेली! मायलेकांनी होडी ओढावी तसे बापलेक काठावर ओढून घेतले. बूट खाडीत राहिले. बादली वाहून गेली. शिकार काय ती एकच, आणि ती दर्पणची बाही सोडायला तयार नव्हती!

रुपाली भाग्येशला घट्ट धरून हुंदके देत होती. मामांनी मिशीतला चिखल पुसला.

"झ्याक झालं आजचं! पन पोरी, शेवटाला रडायचं ठरलं नव्हतं."

"मामा, खरं होतं ते!"

मामांनी डोळा मारला. "मला शिकवतीस होय?"

अजूनही त्यांना ते खरं वाटत नाही. आपण पोराला जीवदान दिलं हे त्यांना कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

आजच त्यांना कल्याणला परभणीच्या गाडीत बसवून दिलं. भाग्येशने शिट्टी परत मागितली, ती काही त्यांनी दिली नाही. गाडी हलेपर्यंत त्यांनी समोरच्या बाकावरच्या माणसांच्या पाळ्याही ठरवल्या होत्या!

तर वाचकहो, रुपालीचं हात जोडून एवढंच मागणं आहे. तुम्ही त्या गाडीत असाल आणि पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ बाकावर पालथे पडून "हे ड्रिल नाही!" असं ओरडताना दिसले, तर कृपा करून टाळ्या वाजवू नका. बहुतेक ते ड्रिलच असेल. तरीही एकदा जवळ जाऊन, जरा वाकून बघाल का? रुपालीने स्वतःच चौकशी केली असती हो. पण फोन उचलला की ते नुसती शिट्टी वाजवतात!