जावईबापूंची उडी

माणसाने चहा पिताना चहाच प्यावा, बोलू नये. खाएंबाने एवढं एक पथ्य पाळलं असतं, तर आज सासुरवाडीच्या बायका त्याला लांबून पाहून जे करतात, ते त्यांनी केलं नसतं.

झालं असं की एका रविवारी त्याचा मेव्हणा वेकेसा चहाला आला. हा वेकेसा डियानीच्या किनाऱ्यावर एका हॉटेलची गाडी चालवतो आणि त्या किनाऱ्यावर त्याला ओळखत नाही असं कुणी नाही. मांदाझी, म्हणजे तिकडचा तळलेला गोड वडा, चहात बुडवत तो म्हणाला, "दाजी, इतकी वर्षं मोम्बासात राहताय, पण समुद्रात घोट्याच्या वर गेलेले काही दिसला नाहीत."

नाफुना, म्हणजे खाएंबाची बायको, फिसकन हसली. बाहेरच्यांनी हसलेलं परवडतं, पण बायको हसली की नवऱ्याची जीभ सुटते.

"पाण्यात काय ठेवलंय?" खाएंबा म्हणाला. "उडी मारायची तर आभाळातून मारावी!"

(हा खाएंबा विमा कंपनीत कारकून. ऑफिसच्या लिफ्टमध्ये तो पाय ठेवत नाही. घरात बल्ब बदलायला स्टुलावर चढला की नाफुनाला दोन्ही हातांनी स्टूल धरावं लागतं, आणि नेकोयेला, म्हणजे लेकीला, बाबांचे पाय.)

"मग ठरलं!" वेकेसा म्हणाला. "आमचा सलीम आहे ना! माणसाला पोटाशी बांधतो आणि विमानातून उडी मारतो. माझ्यातर्फे तुमच्या वाढदिवसाची भेट."

आता नाही कसं म्हणणार? खाएंबा बुकुसू माणूस. मुलगा सुंतेच्या सुरीसमोर उभा राहिला तेव्हा त्याची पापणी लवली की नाही, हे त्याच्या समाजात मरेपर्यंत विचारतात. आपली लवली नव्हती, असं खाएंबा सासुरवाडीत छाती पुढे काढून सांगत आला होता. (पाहणारे बहुतेक सगळे आता देवाघरी आहेत.) या एका गोष्टीवर त्याची तिथली सगळी इज्जत उभी होती.

बातमी सासुरवाडीला पोचली. चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना झाली. त्याला बरं वाटलं, पण ती आजाऱ्याच्या शेवटच्या घटकेला म्हणतात ती प्रार्थना होती, असं नंतर कळलं. मागोमाग सासूबाई रात्रभराच्या बसने, कोंबडी काखेत मारून, वेकेसाकडे येऊन दाखल झाल्या. जावयाच्या घरी उतरणं शक्यच नव्हतं. जावयाने सासूचा हात हातात घ्यायचा नाही, तिच्यासमोर घास तोंडात घालायचा नाही, पाऊलवाटेवर ती दिसली तर आपण मक्यात शिरायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण खाएंबाने सासूबाईंना नीट पाहिलं होतं ते फक्त पाठीकडून.

तरी तो निश्चिंत होता, कारण त्याने बेत आखला होता. वर जायचं, सलीमच्या कानात 'आज राहू दे' म्हणायचं, विमानाबरोबर खाली यायचं आणि वाऱ्याला शिव्या द्यायच्या. सलीम आणि वैमानिक, दोघेही परके. कोण कुणाला सांगणार?

उडीच्या दिवशी तो पट्ट्यांनी आवळलेला विमानात चढला आणि मागून वेकेसाचा आवाज आला, "दाजी, एक जागा रिकामी आहे. आईने कधी विमान पाहिलं नाही. ती नुसती वर जाईल आणि परत येईल. काळजी नको, तिला पुढे वैमानिकाशेजारी बसवतो!"

आता उडी मारायच्या विमानात वैमानिकाची सोडून सगळी आसनं काढून टाकलेली असतात, हे वेकेसाला कुठलं ठाऊक? सगळे खाली, गुडघ्याला गुडघा लावून बसतात. हे कळेपर्यंत विमान धावायला लागलं होतं.

सासूबाईंनी खांद्यावरचं कापड तोंडावर ओढलं आणि त्या पत्र्याकडे पाहत बसल्या. खाएंबा छताकडे पाहत बसला. सलीम बिचारा आळीपाळीने दोघांकडे पाहत होता.

"सलीमभाऊ," सासूबाई ओरडल्या, "नेकोयेच्या बापाला सांगा, बुटाची नाडी सुटलीय."

"आजी, ते तुमच्या शेजारीच बसलेत."

"दिसतंय मला. तुम्ही सांगा."

"साहेब, नाडी."

"त्यांना सांगा, आभारी आहे."

"आजी, आभारी आहे म्हणतात."

"त्याला म्हणावं, थरथरू नकोस. माझा गुडघा हलतोय."

"त्यांना सांगा, विमान थरथरतंय."

"आजी, विमान थरथरतंय."

"माझ्या बाजूचं नाही थरथरत," सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात सलीमने दार उघडलं. खाएंबाने खाली पाहिलं. समुद्र होता, पण ताटलीएवढा. बेत आठवला, पण इंजिनाच्या आवाजात कानात बोलणार कसं? त्याने सगळा जीव एकवटून बोंब ठोकली, "मला खाली न्या!"

आणि नेमकं त्याच क्षणी, उडीची वेळ झाली म्हणून, वैमानिकाने इंजिन मंद केलं. ती बोंब त्या शांततेत एखाद्या घोषणेसारखी घुमली.

सासूबाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "त्याला म्हणावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. माझ्याकडे उकडलेली रताळी आहेत. खाली जाईपर्यंत दोघं खाऊ."

सासूसमोर बसून रताळी! त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. कुत्सित हसल्या असत्या तरी चाललं असतं. पण त्यांना त्याची दया आली होती, रीत मोडण्याइतकी दया आली होती, आणि खाएंबाचे कान शरमेने तापले. तो काही बोलणार तोच विमानाला धक्का बसला. त्याचा हात हवेत आधार शोधत गेला आणि सापडला. आधार मऊ होता, गोल होता आणि त्याला कान होते.

आपण सासूबाईंचं डोकं धरलंय, हे कळायला त्याला एक क्षण लागला.

"उडी!" तो किंचाळला. "सलीम, उडी मार! आत्ता!"

आजवर इतक्या उतावीळ माणसाला पोटाशी बांधून सलीमने उडी मारली नव्हती.

भीती कुठे गेली ते खाएंबाला कळलंच नाही. लाजेने सगळी जागा व्यापली होती, भीतीला बसायला कोपरासुद्धा उरला नव्हता. मग छत्री उघडली, वारा शांत झाला, आणि तरंगता तरंगता त्याचा जीव भांड्यात पडला. काही झालं तरी उडी मारली होती. सासूबाई अब्रूदार बाई, त्या कशाला बोलतील? खाली माणसं टाळ्या वाजवत होती. त्याने मूठ उंच करून जोरजोरात हलवली. टाळ्या वाढल्या, तशी त्याने आणखी हलवली.

वाळूवर तो बुडावर आपटला. वेकेसा धावत आला. "दाजी, सिंह आहात सिंह! आणि वरून झेंडा फडकवत आलात!"

"झेंडा?"

खाएंबाने मुठीकडे पाहिलं. मुठीत हिरव्या फुलांचा पिवळा रुमाल होता.

"हा आईच्या डोक्याचा रुमाल आहे," नाफुना हळूच म्हणाली.

टाळ्या थांबल्या. विमान उतरलं. सासूबाई कापड डोक्यावर घट्ट धरून आल्या आणि रीतीप्रमाणे लांब, समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पट्टे सोडून उभ्या असलेल्या सलीमला त्यांनी जवळ बोलावलं, काहीतरी पुटपुटल्या. निरोप पोचवायची सवय आता सलीमच्या अंगवळणी पडली होती, शिवाय वाऱ्याने त्याचे कान बंद झाले होते. तो सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असा ओरडला,

"साहेब! तुम्ही 'मला खाली न्या' म्हणून बोंब मारलीत, हे आजी कुणालाही सांगणार नाहीत म्हणे!"

वेकेसा वाळूवर लोळला. नाफुनाने तोंडात पदर कोंबावा तसं अख्खं कापड कोंबलं. खाएंबाला वाटलं, विमान अजून वर असतं तर पुन्हा जाऊन बसलो असतो.

पुढे वडीलधाऱ्यांनी दोष फेडायला एक मेंढी ठरवली. ती त्याने मुकाट्याने नेऊन दिली आणि प्रकरण मिटलं. म्हणजे कागदोपत्री मिटलं. पण अजूनही तो सासुरवाडीच्या वाटेला लागला की मक्यातून, विहिरीवरून, अंगणांतून गावातल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्या दोन्ही हातांनी डोक्यावरचा रुमाल धरून उभ्या राहतात.

परवा तो सासूबाईंच्या कुंपणाशी थांबला होता, तर घरातून नेकोये पळत आली.

"बाबा, आजीने सांगितलंय, खुशाल आत या. तिने रुमालाला दोन गाठी मारल्यात."