रुक्मिणीबाईचा या आठवड्याचा रोग

आमच्या शेजारच्या रुक्मिणीबाईला दर आठवड्याला नवा रोग होतो, आणि तो कॉलेजच्या वेळापत्रकाप्रमाणेच होतो. नाव भारदस्त असलं तरी वय वीस. आम्हा तंजावरी मराठी लोकांत मुलीला पाळण्यातच ‘बाई’ चिकटते. ही तंजावरला डॉक्टरकी शिकते, दुसऱ्या वर्षाला आहे, आणि शनिवारी दुपारच्या गाडीने कुंभकोणमला येते. पिशवी घरात टाकली की तडक माझ्याकडे.

“मामा, सगळीं लक्षणें जुळतात!”

“या खेपेस काय?”

“थायरॉइड. हात पाहा कसे कांपतात. छाती धडधडते. झोंप नाही.”

“कॉफी किती झाली?”

“परीक्षा आहे ना, मामा. सात टंबळर.”

आमच्याकडच्या कॉफीचे सात पेले पोटात गेले तर देवळातला दगडी नंदीसुद्धा थरथरेल. पण हे तिला कोण सांगणार? फुप्फुसांचा धडा चालू होता तेव्हा ती आठवडाभर क्षयाने खंगत होती. वजन मात्र अर्धा किलो वाढलं. परीक्षा संपली की रोग गायब. दिवाळीच्या सुट्टीत साधी शिंकही नाही.

तिच्या आईने ऐकणं केव्हाच सोडलं. मी ऐकतो. आडुतुरैला स्टेशनमास्तर होतो. निवृत्त झालो, पाठोपाठ बायको गेली, आणि आता वाट बघण्यासारखी शनिवारची ती एकच गाडी उरली आहे. शिवाय मला हुद्दा आहे. मी तिचा ‘नॉर्मल’. आधी स्वतःची नाडी मोजायची, मग माझी, आणि हळहळायचं, “तुमची पाहा कशी शहाण्यासारखी चालते!”

गेल्या महिन्यात ती माझं मनगट धरून बराच वेळ बसली. हळहळली नाही.

“मामा, मज ईसीजी काढायचा आहे. आई ओरडेल. तुम्ही संगें चला.”

मी छत्री घेऊन निघालो. रिक्षात तिची भरपूर समजूत घातली, घाबरटपणावरून दोन शब्द सुनावलेही. तिने मुकाट्याने ऐकून घेतलं. दवाखान्यात नाव पुकारलं, ते माझं.

ठोके चुकत होते. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, गोळ्या सुरू करू. बाहेर येताच मी भडकलो.

“सरळ सांगायचें होतेंस!”

“सांगितलें असतें तर आला असतां?”

नसतो आलो.

पुढच्या शनिवारी ती आली ती थेट माझं मनगट धरून बसली. डोळे घड्याळावर. मूत्रपिंडांचा धडा चालू आहे हे मला ठाऊक होतं, म्हणून मीच विचारलं, “आज तुज काय झालें आहे?”

“मज?” ती गोंधळली. “अय्यो, या आठवड्यांत माझें पाहायचें राहूनच गेलें.”

मी काहीतरी बोलायला गेलो, तर तिने डोळे वटारले.

“बोलूं नका, मामा. मोजणी चुकली.” आणि पुन्हा एकपासून मोजायला लागली.